लाइट गेली तेव्हा आईचे पाय

आधीच सांगतो, मी वायरमन माणूस. टेस्टर पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही – एवढाच माझा विश्वास. नाक्यावर भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिली टिंगल मीच करायचो...

अठ्ठ्याण्णव साल असेल. नेरुळला, तळमजल्यावर वन रूम किचन. आई मूळची जासईची; बाबा होते तोवर दोघं मिठागरात राबायची. त्या वर्षी आईचं हृदय फारच कमजोर झालं. नुसतं उठून बसलं तरी धाप, पायांच्या काड्या झालेल्या. बाथरूमला मी उचलून न्यायचो आणि ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. "पोरानं न्यायचं म्हंजे... त्यापरीस मेलेली बरी," म्हणायची. माझा जीव तुटायचा.

हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी एक मशीन दिलं. मांड्यांना पट्ट्या चिकटवायच्या, हलका करंट सोडायचा. स्नायू आपोआप आवळतात, सुटतात. चालणं हृदयाला झेपत नाही, तर पायांना असा व्यायाम. तेव्हा हे नवीनच होतं. आई म्हणाली, "जल्मभर लोकांचे घरी लाइट जोडलीस, आता आयशीला जोड."

बरेच दिवस विशेष फरक नव्हता. मग एका शुक्रवारी दुपारी, मशीन चालू असतानाच लाइट गेली. पंखा थांबला, मशीनचा दिवा विझला. आईच्या मांड्या मात्र थांबल्या नाहीत.

सवयीने आधी टेस्टर लावला. काही नाही. प्लग काढला, पट्ट्या काढल्या... तरी चालूच. शिवाय मशीन दोन्ही मांड्या एकदम आवळायचं. आता उजवी दोनदा, डावी एकदा. उजवी, उजवी, डावी... मला दरदरून घाम फुटला.

"आई?"

ती डोळे मिटूनच बोलली, "थांब रं. वाफा आजून कच्चा हाय. तुजा बापूस म्होरं हाय, त्याचे मागं पाय टाकतंय."

मिठागरात वाफ्याची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. बाबा पुढे, आई मागे. बाबांचा डावा पाय अधू; म्हणून उजव्याने दोनदा दाबायचे, डावा एकदा टेकवायचे. पावलावर पाऊल पडावं म्हणून आईही तसंच चालायची. लहानपणी बांधावर बसून मी ते रोज पाहिलेलं.

लाइट आली आणि मांड्या शांत झाल्या.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पट्ट्या काढल्यावर कधी थोडं फडफडतं... पण असं नाही." मशीन चालूच ठेवलं. हळूहळू ताकद आली. ते श्रेय मशीनचं आणि मॅडमचं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एका सकाळी आई स्वतःहून उठली आणि भिंतीला धरून बाथरूमकडे निघाली. दोन्ही पाय धड, पण चाल लंगडी – बाबांची. मी हात द्यायला पुढे झालो.

"बाजूला हो," ती म्हणाली. "त्याचे वाटेत उबा हाईस."

मी बाजूला झालो. रिकाम्या पॅसेजला नकळत हात जोडले गेले. आई आत गेली, आतून कडी लावल्याचा आवाज आला आणि मला रडू फुटलं.

बंद लाइनीत करंट कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. लाइट गेली की अख्खी सोसायटी शिव्या घालते... मी घालत नाही.