काष्टा पुढे, निऱ्या मागे

मॉल उघडला त्या दिवशी मी मागच्या दाराने आत गेले. पुढच्या दारात बँड होता, फुकट कॉफी होती, फुग्यांची कमान होती आणि समुद्रावरून वारा असा सुटला होता की ती कमान एका बाजूला आडवी झाली होती. मागच्या दाराशी मालाच्या जाळीदार गाड्या आणि चपटे करून ठेवलेले पुठ्ठे. ताईंचा मेसेज होता, "मागून ये, माल उतरतो तिथून. मागच्या स्टोअररूममध्येच बस. लागलं तर बोलवीन."

ताई माझ्या कुणी नातेवाईक नाहीत. त्या पुण्याच्या, एमबीए झालेल्या, इथे डच मुलखात माझ्या कितीतरी आधी आलेल्या. मी इचलकरंजीची. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे गणितात आणि इंग्रजीत गेले, आणि घरात कुणी पुन्हा बस म्हणालं नाही. मग शिवणक्लास लावला. लग्न झालं, नवऱ्याला विमानतळाजवळ हूफडॉर्पला यंत्रदुरुस्तीचं काम मिळालं, आणि घर तिथे परवडेना म्हणून आम्ही किनाऱ्यावरच्या या शहरात आलो. उन्हाळ्यात इथे जर्मन लोकांची गर्दी, बाकी वर्षभर वारा आणि सीगल.

पहिल्या वर्षी मी घराबाहेर पडत नव्हते. दाराची बेल वाजली की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. अशात इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ताई भेटल्या आणि त्यांनी माझा हात धरला. अगदी खरोखरचा धरला. मला ट्रामचं कार्ड काढून दिलं, नगरपालिकेचे फॉर्म स्वतः बसून भरले. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा डॉक्टरसमोर माझ्या वतीने त्या बोलल्या, आणि परत येताना ट्राममध्ये माझा हात सोडला नाही. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कुणी म्हणेल, हिला उपकारांची जाण नाही. जाण आहे. तीच तर अडचण होती.

ताईंनी घरातल्या घरात भारतीय कपड्यांचा धंदा सुरू केला होता. मी त्यांना शिवलेली नऊवारी करून दाखवली. नेसायची नाही, नुसती चढवायची, पण नेसल्यासारखी दिसली पाहिजे. इथल्या बायकांनी ती उचलून धरली. संक्रांत, डोहाळजेवण, मंगळागौर, प्रत्येक वेळी दहा-दहा. ताई म्हणायच्या, "पँटसारखी चढवा आणि निघा." लोक विचारायचे, कुठून आणता? ताई म्हणायच्या, "आमचंच डिझाइन." मी शेजारीच सुईत दोरा ओवत बसलेली असायचे. "आमचं"मध्ये मीही आले, अशी मी मनाची समजूत घालायचे.

मग मॉलची बातमी आली. जुन्या बसडेपोच्या जागी, समुद्रापासून दोन स्टॉपवर, तीन मजली. ताईंना त्यात तळमजल्यावर गाळा मिळाला. त्या दिवशी त्या पेढे घेऊन माझ्याकडे आल्या आणि स्वतःहून म्हणाल्या, "तुझं मशीन काचेमागे ठेवू. बाहेरून येणारे जाणारे बघतील तू शिवताना. वर पाटी लावू तुझ्या नावाची."

मी काही मागितलं नव्हतं. पण एकदा ऐकल्यावर ते डोक्यातून जाईना. मी नवऱ्याला विचारलं, पाटीवर लग्नाआधीचं आडनाव घालू की हे? तो म्हणाला, "तू आधी बस तरी. पाटीचं मग बघू." आईला फोनवर सांगितलं. आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं. माझं नाव शाळेच्या दाखल्यानंतर कशावरच छापलेलं नव्हतं.

उद्घाटनाला पंधरा दिवस उरले असताना मी गाळा बघायला गेले. काचेमागे सोफा होता.

"ताई, मशीन कुठे बसणार?"

"अगं, ते जरा वेगळं ठरलंय. मशीन स्टोअरमध्ये. इथे कसं आहे, प्रीमियम लूक ठेवायचाय."

"आणि पाटी?"

त्या हसल्या. वाईट नाही, लाडाने हसल्या, म्हणून जास्त लागलं. "पाटी वाचून कुणी बोलायला आलं तर काय बोलणार आहेस तू? डच येत नाही, इंग्रजी येत नाही. तुलाच घाम फुटेल. मी तुझ्या भल्याचंच बघते ना."

मी म्हटलं, "हो ताई." घाम मला तिथेच फुटला होता. घरी येऊन दोन दिवस माझं मन म्हणत होतं की त्यांचंच बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी कांदा चिरताना तो "प्रीमियम" शब्द आठवला आणि मी सुरी खाली ठेवली.

आता लाल टाक्याचं सांगायला हवं. शिवलेल्या नऊवारीला पुढे निऱ्या असतात आणि मागे काष्टा, त्यावर मधोमध जरीचा काठ. नेसणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. पण घडी करून पिशवीत घातली की पुढचं मागचं चटकन कळत नाही, आणि ज्याने नऊवारी कधी बघितलीच नाही त्याला वाटतं, एवढा झगमगीत काठ म्हणजे पुढचीच बाजू. म्हणून माझ्या शिवणक्लासच्या बाईंनी शिकवलं होतं, कमरपट्टीच्या आत पाठीकडच्या बाजूला लाल दोऱ्याची फुली घालायची. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, लाल पाठीला. ताईंना तो लाल दोरा आवडत नसे. "गावठी दिसतं गं, काढ ते," त्या वर्षभर म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. त्यांचं न ऐकलेलं तेवढंच.

उद्घाटनाच्या कार्यक्रमासाठी सहा नऊवारी तयार होत्या. सहा डच कॉलेजच्या मुली त्या घालून दुकानातून मधल्या चौकापर्यंत चालणार होत्या. त्या मुलींना मी तयार करते म्हटलं तर ताई म्हणाल्या, "नको, तू त्यांच्याशी काय बोलणार? शिवलेलीच आहे, चढवतील त्या." तेव्हा मी सहाही नऊवारी शेवटची इस्त्री करायला म्हणून घरी आणल्या, आणि खिडकीपाशी बसून सहाही फुल्या उसवल्या. एकेक दोरा चिमटीत धरून ओढला. भीती वाटत होती, तरी उसवत गेले. विचारलंच तर उत्तर तयार होतं: ताई, तुम्हीच काढायला सांगितलं होतंत.

तर त्या दिवशी मी स्टोअरमध्ये खोक्यावर बसले होते. शेजारी कपडे बदलायची खोली, मुलींचा हसण्याचा आवाज. मला वाटत होतं, एखादीला तरी आपोआप नीट चढवता येईल. सगळ्या उलट कशा चढवतील? थोडी आशा होती, थोडी भीती, आणि कशाची आशा नि कशाची भीती हे मला सांगता आलं नसतं.

एवढ्यात दार ढकलून एक उंच मुलगी आत आली. हिरवी नऊवारी हातात, काष्ट्याचा काठ स्वतःच्या पोटाशी धरलेला. तिने भुवया उंचावून विचारलं, असं का? शब्द कळले नाहीत तरी विचारणं कळलं. ती खरंच विचारायला आली होती. बाकी कुणालाही ते सुचलं नव्हतं.

मी नुसती नाही म्हणून मान हलवून साडी फिरवून दिली असती तरी पुरलं असतं. डचमधले जे चाळीसेक शब्द मला येतात त्यातला एक मी तिला दिला. "मोय," मी म्हटलं. छान. ती खूश होऊन गेली.

बाहेर ताईंचं भाषण सुरू झालं. मी स्टोअरचं दार बोटभर उघडलं. ताई पैठणीत, माइक हातात, लोकांकडे तोंड करून उभ्या. समोर मॉलचे सुटातले साहेब, मागे आमची मंडळाची माणसं, पार अ‍ॅमस्टेलव्हीनहून आलेली, बायका नटूनथटून. ताई इंग्रजीत सांगत होत्या की हे प्रत्येक डिझाइन आमच्या घरात जन्मलंय. आणि त्यांच्या पाठीमागून सहा मुली ओळीने निघाल्या.

सहाच्या सहा उलट. काष्टा पुढे, निऱ्या मागे, पदर उजव्या खांद्यावर ओढून ताणून बसवलेला. बसायच्या जागेसाठी जे कापड मी सैल सोडते ते पोटावर पिशवीसारखं लोंबत होतं आणि मागून घट्ट बसलेलं, त्यामुळे पोरी बदकासारख्या चालत होत्या. डच लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायकांच्या रांगेत एकीने तोंडाला पदर लावला.

"अगं, ही येतेय की जातेय?"

"पुढून बघ, मागून बघ, तीच."

"शूट कर, शूट कर, माझ्या जावेला पाठवते."

हशा वाढला. ताईंना वाटलं कौतुक होतंय, त्या अजून खुलून बोलायला लागल्या. मी दाराआड उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की कानात दडे बसले. सोफ्याचा, प्रीमियमचा, त्या लाडाच्या हसण्याचा, एकेक मिनिटाचा हिशेब चुकता होत होता. फक्त ती उंच मुलगी सगळ्यात पुढे होती आणि लोक हसतायत म्हणून तीही हसत होती. तिच्याकडे बघायचं मी टाळत होते.

पहिल्या रांगेत कुणाच्या तरी सासूबाई होत्या, साताऱ्याहून लेकाकडे आलेल्या. त्या उठून सरळ ताईंपाशी गेल्या. त्यांचा आवाज माइकमध्ये गेला.

"बाळ, पोरींना उलटं नेसवलंयस. मागं वळून बघ की."

ताई वळल्या. त्यांचा चेहरा मी पूर्ण बघितला, काही सोडलं नाही. मग त्या मराठीत, घाईघाईने, पण माइक तोंडाशीच असताना म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे शिवायला एक बाई आहे ना, तिचा घोळ आहे हा. शिकलेली नाही हो ती."

तीन वर्षांत ताईंनी चारचौघांत माझा उल्लेख केला तो हा.

मी दार उघडून बाहेर गेले. मंडळाच्या बायकांसमोर, सुटातल्या साहेबांसमोर, पायात घरच्या चपला. मी म्हटलं, "ताई, पाठीला खूण असायची. ती तुम्हीच काढायला सांगितलीत. गावठी दिसते म्हणालात."

हे खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. काकूंनी एका मुलीची कमरपट्टी उलटी करून आतली शिलाई बघितली, बोट फिरवलं आणि विचारलं, "शिवलंयस तू?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मग उभी काय राहिलीस? फिरव."

मी मुलींना आत नेलं आणि एकेकीची नऊवारी फिरवली. उंच मुलगी शेवटी राहिली. तिला नीट चढवताना ती आरशात बघून काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. मी खाली बसून तिच्या निऱ्या सरळ करत राहिले, कारण मान वर केली असती तर माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असतं. मुली परत बाहेर गेल्या तेव्हा जी टाळी पडली ती ताईंना मिळाली, पण बायका मात्र स्टोअरच्या दाराशी आल्या. त्यांना माझा फोन नंबर हवा होता. मी तो अकरा वेळा सांगितला.

त्या संध्याकाळी ताईंचा मेसेज आला. "तुझ्यासाठी मी काय केलं नाही? खरं सांग. मुद्दाम केलंस का?"

नवरा म्हणाला, "नाही म्हणून टाक. कोण बघायला आलंय? त्यांनी सांगितलं होतं, तू काढलंस, संपलं." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर मी निर्दोष राहिले असते, ताई स्वतःलाच बोल लावत बसल्या असत्या, आणि सूड जास्त चांगला झाला असता. मी तेच लिहिलंही. मग वाचलं. त्यात मी पुन्हा ती स्टोअरमधली बाई होते, जी सांगितलं तेवढं करते आणि जिला काही कळत नाही.

ते पुसलं आणि लिहिलं, "हो ताई. मुद्दाम केलं." आणि पाठवून दिलं.

त्यांनी लगेच वाचलं, ते मला दिसलं. या गोष्टीला आता दोन महिने झाले. माझ्याकडे मंगळागौरीच्या सतरा नऊवारी शिवायला आहेत आणि बेल वाजली की दार मीच उघडते. ताईंचं उत्तर आलेलं नाही. कधी कधी ट्राममध्ये त्यांचा तो हात आठवतो आणि फोन घ्यावासा वाटतो. घेत नाही. त्यांनी उत्तर देऊ नये असंच मला वाटतं. दिलं, आणि जरा मायेने दिलं, तर मी माफी मागून मोकळी होईन. आणि मला ती मागायची नाहीये.