शिस्तीखाली ठेवलेली माझी बहीण

आमच्या निवृत्त बिशपसाहेबांबद्दल हल्ली मुलुंडमध्ये जे बोललं जातं, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मोठ्या मनाचे, म्हणे. सगळ्या धर्मांना जवळ करणारे. सर्वधर्मसभांत ते शांतीवर बोलले, भांडुपच्या वस्तीत त्यांनी दवाखाना काढला, हे खरं आहे. पण तरुण पाळक म्हणून आमच्या चर्चमध्ये आले तेव्हा पहिलं काम काय केलं, ते कोणी सांगत नाही.

माझ्या बहिणीने गोवंडीच्या एका बौद्ध मुलाशी कोर्टात लग्न केलं. पाळकांनी तिला शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे उपासनेला यायचं, पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा नाही. हे मंडळीसमोर नाव घेऊन जाहीर करायचं असतं. कमिटीचा सेक्रेटरी मी. जाहीर मीच केलं, खणखणीत आवाजात. ती समोरच बसली होती.

शिस्त लागते तशीच उठते, मंडळीसमोर, नाव घेऊन. हिची कधी उठलीच नाही. पाळक आर्चडीकन झाले, मग बिशप झाले. दरवर्षी मुलांना प्रभुभोजनात सामील करून घेणाऱ्या दृढीकरणाच्या विधीला यायचे, आमच्याकडे जेवायचे. मी विषय काढला की पापलेटचा काटा बाजूला करत म्हणायचे, "अहो, येऊ दे की तिला. कोण अडवतंय?"

मी त्यांना आणखी एक तुकडी वाढायचो. बिशप आपल्या घरी जेवतात याचाच मला केवढा अभिमान!

बहीण ऐकायची नाही. "चोरून दूध प्यायला मी मांजर आहे का? नाव घेऊन बाहेर ठेवलं, नाव घेऊन आत घ्या." सगळे भाकर घ्यायला पुढे जात, तेव्हा ही मागच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसे. नवरा वारला, केस पांढरे झाले, तरी तशीच.

यंदा रविवारच्या उपासनेतच साहेबांचा सत्कार ठरला. त्यांच्या कार्याची ओळख मी करून द्यायची होती. दवाखान्याबद्दल बोललो, सभांबद्दल बोललो, आणि मग शिस्तीबद्दल बोललो. "ती आज इथेच बसली आहे. साहेब, आता तिची शिस्त उठवा."

"काका, सत्कार आहे, कशाला वाट लावताय?" कोणीतरी ओरडलं.

साहेब हसत माइकपाशी आले. "प्रभूच्या मेजावर सर्वांचं स्वागत आहे."

"नाव घ्या," मी म्हणालो.

ते माझ्याकडे वाकले. "नाव काय हो त्यांचं?"

माझ्या घरी इतकी वर्षं जेवलेला माणूस! माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. मागून बहिणीने उभं राहून स्वतःचं नाव सांगितलं. साहेबांनी ते उच्चारलं, तिचं माहेरचं आडनाव लावून.

"माहेरचं कशाला? नवऱ्याचं लावा," ती म्हणाली. "भांडण त्याच्यावरूनच होतं ना?"

त्यांना ते म्हणावं लागलं. शिस्त उठली. लगेच प्रभुभोजन झालं आणि भाकर साहेबांनीच वाटली. रांगेत मीही होतो. परतताना पाहिलं, तर ती जागची हललेली नव्हती.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "अगं, आता काय झालं?"

"पुढच्या महिन्यात घेईन. नव्या पाळकांच्या हातून." ती चप्पल घालत होती. "तू घेतलीस ना रे त्याच्या हातची? घेणारच. तुझं आयुष्य त्यातच गेलं."