अनामत आणि निळी खोली

अनामत परत मिळणं हा भाडेकरूचा हक्क आहे, असं मी आयुष्यात एकदाच ठणकावून सांगितलं. तेव्हापासून ‘हक्क’ हा शब्द तोंडातून काढायला मला घरात बंदी आहे.

तेव्हा मी सोलापुरात एका वकिलाकडे कारकून होतो. (म्हणजे वकिलापेक्षा जास्त कायदा मलाच येतो, अशी माझी समजूत होती!) व्यंकय्या नावाच्या विणकराच्या आवारात आमची भाड्याची खोली. एका बाजूला त्याचं घर, दुसऱ्या बाजूला त्याचे माग आणि मध्ये आम्ही. दिवसभर खटाक्-खटाक्! त्यात नळ नाही, पाणी लांबून आणायचं. शेवटी बायकोनं कोर्टाजवळ एक खोली हेरली. तिथं दारातच नळ होता. ती त्या नळाबद्दल इतक्या प्रेमानं बोलायची, की मला त्याचा हेवा वाटू लागला. तिथला मालक म्हणाला, “शनवारी दिवस मावळायच्या आत तीस रुपये अनामत आणा, न्हायतर खोली दुसऱ्याला.”

आणि आमचे तीस रुपये व्यंकय्याकडे अडकलेले!

“आमची अनामत द्या,” मी छाती काढून म्हणालो. “हक्क आहे आमचा!”

“देतो की! कोन न्हाय म्हनलंय?” व्यंकय्या म्हणाला. “खोली दिली तवा भिंती पांढऱ्या हुत्या. आता बगा. चुना मारून द्या, पैसे घिऊन जावा.”

“एखादा माणूस बोलवा हो,” बायको म्हणाली. पण कायदा जाणणारा माणूस मजुरी कशाला देईल? मीच धोतर खोचलं. चुन्यात चिमूटभर नीळ घातली की भिंत झकास पांढरी दिसते, एवढं मलाही ठाऊक होतं. (तेवढंच ठाऊक होतं.) घरातली नीळ संपलेली. मागाजवळ मात्र सूत रंगवायच्या निळ्या रंगाचा डबा उघडा होता. निळं ते निळं! चिमूट टाकली; काही फरक दिसेना. आणखी एक टाकली. मग वैतागून मूठ टाकली.

भिंती जरा आकाशी वाटल्या. वाळल्यावर होतील पांढऱ्या, म्हणून मी चारीही उरकल्या. वाळल्या तेव्हा त्या नव्या लुगड्यासारख्या निळ्याभोर झाल्या होत्या!

“अहो, हे काय केलंत?”

“थांब, वरून पांढरा हात देतो.”

दिला. आतला निळा बाहेर आला. पुन्हा दिला. पुन्हा आला! घाम पुसून पुसून मीही गळ्यापर्यंत निळा झालो. शनिवारची दुपार झाली आणि व्यंकय्या दारात उभा राहिला.

“अय्यो! काय करून ठिवलाव ओ हे?”

“चुना मारायचा एवढंच ठरलं होतं,” मी कायदा काढला. “कुठल्या रंगाचा, ते ठरलं नव्हतं!”

“आन् रंग माझ्या डब्यातला की!”

माझा कायदा तिथं संपला. तेवढ्यात व्यंकय्याची बायको लक्ष्मम्मा आली. भिंतींकडे बघत राहिली आणि म्हणाली, “एंत बागुंदि!” तेलुगूत शिव्या देतेय असं समजून मी हात जोडले.

“लई झ्याक दिसतंय म्हनती,” व्यंकय्या कपाळाला हात लावून म्हणाला. “आता आमचं घर बी असंच करून द्या. मग अनामत न्या.”

रंगवलं बाबा! शेवटची भिंत झाली, तीस रुपये माझ्या निळ्या तळहातावर पडले आणि आम्ही दोघं कोर्टाकडे धावलो. दिवस मावळला होता. दारातल्या नळावर दुसरीच एक बाई घागर भरत होती. बायको नळाकडे वळून वळून बघत परत फिरली. मला फार वाईट वाटलं.

“व्यंकय्या, आम्ही आमच्या खोलीतच राहतो,” मी म्हणालो.

“तुमची कुटली? सोडलाव की तुमी! आता ती रंगीत खोली हाय. अनामत चाळीस.”

तीस तिथल्या तिथं परत गेले. दहा वकिलाकडून उसने आणले.

पुढं पाहुणे आले की भिंती बघून हमखास विचारत, “हा रंग कुणी दिला हो?”

“आमच्या आधी एक भाडेकरू होता,” मी सांगे. “अगदीच बिनडोक माणूस!”

तेवढ्या बाबतीत बायकोचं आणि माझं आजवर कधी दुमत झालेलं नाही.