अर्पणाची दुरडी

जालन्याला गाडीतून उतरले तेव्हाच अंग आंबून गेलं होतं. पुढे साखरखेर्ड्याची एसटी. तिची खिडकी धड लागेना, धड उघडेना. लोणारचं सरोवर पाहायला चालले, असं वसईत सांगून निघाले होते, पण खरी ओढ मार्थाची होती. डी.एड.ला आम्ही दोघी वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो होतो.

तिची मुलगी अंजू कॉलेजात शिकते. गावच्या फादरांनी तिच्याशी गैरवर्तन केलं. बोभाटा झाल्यावर वरिष्ठांनी फादरांची बदली केली आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं. मग पोरगीच खोटारडी, अशी कुजबुज सुरू झाली. आता रविवारी स्वतः बिशप येणार होते. मुलगी खरं बोलली, एवढं त्यांनी भरल्या चर्चमध्ये म्हणावं, हीच मार्थाची मागणी होती.

"काऊन वं, एवढ्या उन्हात आली?" म्हणत तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. भाकरी आणि झुणका होता, ठेच्याने माझे कान तापले. अंजू आतल्या खोलीतच जेवली.

चर्च पत्र्याचं, गावाच्या कडेला. इथली रीत अशी, की नवा हरभरा आला की घरोघरची दुरडी (बांबूची टोपली) मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, वेदीपाशी न्यायची. अर्पण झाल्याशिवाय नवा दाणा चुलीवर चढत नाही. रविवारी बिशपांनी प्रवचनात क्षमेवर सांगितलं, संयमावर सांगितलं. अंजूबद्दल चकार शब्द नाही. मला कंटाळा आला, रागही आला. हेच प्रवचन मी आमच्याकडेही ऐकलं आहे.

अर्पणाचं गाणं सुरू झालं. बिशप हात पुढे करून उभे राहिले. कोणीच उठलं नाही. दुरड्या बायकांच्या पायांशी होत्या, तिथेच राहिल्या. गाणंही मध्येच विरलं.

पुढच्या रांगेतले म्हातारे योहानकाका बसल्या जागेवरून म्हणाले, "स्वामी, पोरगी खरं बोलली का खोटं, थे सांगा. मंग आणतो."

"चौकशी चालू आहे," बिशप म्हणाले. "आपण प्रार्थना करू."

"थे तं आमी रोजच करून राह्यलो."

बिशपांनी मिस्सा तसाच पुढे नेला. नंतर गाडीत बसून निघूनही गेले.

मार्था दुरडी घेऊन घरी आली. अंजू दारात उभी होती.

"परत आणली?"

"सगळ्याइनंच आणली."

"कोनीच नाही उठलं?"

"कोनीच नाही. उत्तर येईलोक कोनाच्याच घरी नवा दाणा शिजत नाही म्हणतात."

अंजूने दुरडी घेतली आणि फळीवर ठेवली. त्या दुपारी ती आमच्यासोबत जेवायला बसली. जुन्या तुरीचं वरण होतं.

लोणार राहूनच गेलं. परतीच्या एसटीत मला झोप लागली नाही, नुसती पाठ दुखत राहिली.

त्यानंतर मार्थाशी फोनवर बोलणं झालं. हरभरा अजून फळीवरच आहे. लोकांनी तरी किती वाट पाहायची?

परवा रविवारी आमच्या चर्चमध्ये अर्पणाचं गाणं सुरू झालं. फळांच्या टोपल्या घेऊन बायका रांगेत लागल्या. मी जागची हलले नाही. रांगेकडे निघालेली शेजारीण वाकून म्हणाली, "पाय दुखतायत का गं?"

"नाही," मी म्हटलं. "बस जरा माझ्याजवळ."