चिकाचा गंज आणि समुद्राचा तळ

मी समुद्र पाहिलेला नाही. इकडे हिंदी मुलखात आमच्या मोहल्ल्यातला, बूढापाऱ्यातला तलाव तेवढा रोज पाहते. तरी या उन्हाळ्यात दुपारी डोळा लागला की मला समुद्राचा तळ दिसतो. तिथे अंधार असतो आणि वरून गाळ उतरत असतो, आवाज न करता.

मुलगी दगडमातीचं शिकते. तिला दोन महिने जहाजावर जायचं होतं, समुद्राच्या तळाचा गाळ काढायला. घरात सगळ्यांनी हो म्हटलं होतं. माझ्या होकारासाठी ती थांबली होती, आणि माझ्या तोंडून तो निघत नव्हता.

त्या दिवसांत कुरडयांसाठी गव्हाचा चीक बसायला ठेवला होता. भिजवलेले गहू वाटून, गाळून गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, ठेवायचे आणि सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं. तोवर आमच्याकडे गंजाला कोणी हात लावत नाही, शेजारून जातानाही पाय हलके टाकतात. मी पाणी ओतायला गंज कलता केला, तेवढ्यात मुलगी आली, इकडच्या हिंदीतच बोलणारी.

"आई, ऐसे ही पकड़ के रखो."

"काहून?"

"देखो तो."

तळाचा पांढरा थर तिरपा होऊन तसाच चिकटून होता. तिने बोटाने टकटक केलं. काही झालं नाही. मग तिने जोरात थाप मारली. थर सुटला, अख्खाच्या अख्खा घसरला आणि पाणी दुधासारखं झालं.

समुद्राखालच्या उतारावर भूकंपात असंच होतं, ती म्हणाली. कणांमधलं पाणी दाबलं जातं, त्याला निघायला वाट मिळत नाही, मग कण एकमेकांना सोडून देतात.

"अन् वरचं जहाज?"

"इतने गहरे पानी में ऊपर पता भी नहीं चलता. और हर झटके में नहीं गिरता, आई. छोटे झटके लगते रहें तो गाद और पक्की बैठती है."

मी गंजाकडे पाहत राहिले. पांढरं पुन्हा खाली उतरू लागलं होतं.

"माया चीक बिघडवला तू," मी म्हटलं. "आता उद्यावर गेलं सारं."

"सॉरी."

"जाय तू जहाजावर. पण आधी हा गंज कोपऱ्यात ठेव. हळू."

तिने तो दोन्ही हातांनी उचलला, झोपलेलं लेकरू उचलावं तसा.

आता ती तिकडे आहे. दुपारी मी एकटीच असते. कोपऱ्यात काही ठेवलेलं नसतं, तरी मी घरात पाय हलके टाकते.