वाळवंटातला ओक, सिंगापूरच्या कपाटात

बाबा नागपूरहून महिनाभरासाठी आमच्याकडे सिंगापूरला, टॅम्पिनीसला आले, तेव्हा मी केबल कार, पक्षी उद्यान अशी यादी तयार ठेवली होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि बॅगेतून एक जुनी वही काढली. "मला इथलं हर्बेरियम पाहायचंय. तिथे माझा एक ओक आहे."

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. बाबा वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत असताना त्यांनी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी डोंगरात या ओकच्या फांद्या गोळा केल्या होत्या. त्यांच्या सरांनी ते नमुने ठिकठिकाणी पाठवले, त्यातला एक सिंगापूरला.

जाणाऱ्यांसाठी सांगते: हर्बेरियम ज्या बागेत आहे तिला तिकीट नाही, पण संग्रह पाहायला आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते. वहीतला नमुना क्रमांक कळवल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "नमुन्याची शीट आहे, या." मी रजा टाकली. एमआरटी मेट्रोने ऑर्चर्ड स्टेशन, तिथून बस. आत स्वेटर हवाच. कपाटांच्या खोलीत चांगलंच गारठायला होतं.

तिथल्या मिस लिमनी फोल्डर उघडलं. जाड कागदावर शिवलेली फांदी, काटेरी कडांची बोटाच्या पेराएवढी पानं. खाली टाइप केलेलं लेबल. गोळा करणारे म्हणून फक्त सरांचं नाव.

बाबांनी खिशातून भिंग काढलं. मलाच राहवेना. "बाबा, डोंगर चढलं कोण?"

"मी. सरांचा गुडघा दुखत होता, ते खाली गाडीत होते."

मग भिंगातून लेबल वाचता वाचता ते थांबले. "हे चुकलंय."

मला वाटलं, आता नावाचं बोलतील.

"दक्षिण उतार लिहिलंय. तिथे निवडुंगाशिवाय काही नव्हतं. झाड उत्तरेच्या घळीत होतं, खडकांच्या सावलीत. हे वाचून कोणी शोधायला गेलं, तर हात हलवत परत येईल."

मिस लिमनी वही मागितली. बाबांनी त्या दिवसाचं पान काढून, घळीचं पेन्सिलने काढलेलं चित्र दाखवत इंग्रजीतून सगळं समजावलं. मिस लिमनी पानाची झेरॉक्स काढली आणि एक कोरी चिठ्ठी पुढे केली. "दुरुस्ती यावर लिहा, ही शीटवर चिकटवू. खाली तुमचं नाव आणि तारीख लागेल."

"जुनं लेबल काढणार?" बाबांनी विचारलं.

"नाही. जुनं आम्ही कधीच काढत नाही."

"मग ठीक आहे," म्हणत बाबांनी लिहायला घेतलं. वर्गात फळ्यावर लिहीत तसं, एकेक अक्षर सुटं.

परतताना बेडोकला उतरून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, चिकन राइस खाल्ला. बाबांनी दोनदा मिरचीची चटणी मागून घेतली. "बरी आहे. सावजीची सर नाही."

सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. बाबांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "अगं, त्यांनी पाठवला म्हणून तर तो इथे आला."

संध्याकाळी आईचा नागपूरहून फोन. तिचा पहिला प्रश्न, "नाव होतं का तुमचं?"

"नव्हतं," बाबा म्हणाले. "आता आहे."