जास्तीचा तास

हुस्नाला बोलवायचं की नाही, यावर म्हणे एकदा त्या रविवारच्या टोळक्यात चर्चा झाली होती. हे तिला त्यातल्याच पिपने सांगितलं, आणि तेही हसत हसत, कारण तोवर निकाल हुस्नाच्या बाजूने लागलेला होता. पण हुस्ना ते कधी विसरली नाही.

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, जिथे वाऱ्याने कान कायम गोठलेले असतात त्या विद्यापीठात ती सप्टेंबरात आली, तेव्हा पहिले चार आठवडे तिच्याशी कोणी धड बोललंही नव्हतं. वाईट कोणीच नव्हतं हो. दार धरून ठेवतील, जिन्यात दिसलं की 'ठीक ना?' विचारतील आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरून जातील. मलेशियाच्या कुआला पर्लिसमध्ये, भर बाजारातल्या घरात, पाच भावंडांत वाढलेल्या पोरीने शनिवार-रविवार भिंतीकडे बघत भात गिळायचा, म्हणजे काय होत असेल? आईचा फोन आला की ती सांगायची, खूप मैत्रिणी झाल्यात. आणि फोन ठेवला की पांघरुणात तोंड खुपसून रडायची.

मग पिप भेटली. फिलिपा तिचं नाव, पण त्या नावाने तिला फक्त दंतवैद्य हाक मारायचा. शेजारच्याच खोलीत राहायची. लालसर केस, ढांगा लांब, आणि उठता बसता 'सॉरी' म्हणायची सवय. टेबलाला पाय लागला तरी टेबलाला सॉरी. एका रविवारी तिने हुस्नाच्या दारावर थाप मारली आणि म्हणाली, आम्ही डोंगरावर चाललोय, जास्तीचे बूट आहेत माझ्याकडे, चल. हुस्ना पायमोज्यांवरच बाहेर आली.

तिथून तिचं आयुष्य सुरू झालं असं ती मानायची. दर रविवारी चौघं. पिप, हुस्ना, बुडापेस्टहून आलेला इम्रे, जो चालताना तासन्‌तास गप्प राहायचा, आणि डूगल. डूगल तिसऱ्या वर्षाला. त्याच्या आजोबांची म्हणे मासेमारीची होडी होती, म्हणून नकाशा, दोरी, डबा, वेळ, सगळं त्याच्या खिशात. तो पुढे आणि बाकीचे मागे, हा नियम कोणी केला नव्हता, पण होता. संध्याकाळी परतल्यावर पबमध्ये शेकोटीजवळचं ठरलेलं टेबल. ते बिअर घ्यायचे, हुस्ना संत्र्याचा रस. पहिल्यांदा डूगलने विचारलं होतं की नुसता रस पिऊन तुला बोलायला कसं सुचतं, आणि ती म्हणाली होती, तुम्हांला प्यायल्याशिवाय सुचत नाही त्याचं मला नवल वाटतं. सगळे खो खो हसले. त्या रात्री तिला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

आणि मग नोव्हेंबरात तिने माती खाल्ली.

एका डोंगराच्या खांद्यावर असताना पश्चिमेकडून ढग चढताना तिला दिसले आणि ती घाबरली. सरळ म्हणाली, आत्ताच्या आत्ता मागे फिरायचं, नाहीतर मी इथून हलणार नाही. आवाज चढला होता तिचा. फिरले बिचारे. खाली गाडीजवळ पोचतात तर काय, लख्ख ऊन! त्या संध्याकाळी पबमध्ये इम्रेचा ग्लास कलंडला तेव्हा डूगल उभा राहून ओरडला, "मागे फिरा, मागे फिरा, पूर आला!" अख्खं टेबल हसलं. हुस्नाही हसली. पुढचे दोन रविवार तिच्या दारावर थाप पडली नाही. गाडीत जागा नव्हती, असं कळलं.

पिपनेच नंतर तिला बाजूला घेऊन समजावलं, की अगं, इथे लोकांना कोणी तमाशा केलेला आवडत नाही. काही सांगायचंच असेल तर हळू सांगायचं, गमतीत सांगायचं, आणि शेवटी 'माझं चुकत असेल' असं जोडायचं. हुस्नाने ते जिवाचे कान करून ऐकलं. डिसेंबरपासून तिने एकदाही आवाज चढवला नाही. नाताळात पिप तिला आपल्या घरी घेऊन गेली. पिपच्या आईने, हिलरीने, तिच्यासाठी वेगळ्या दुकानातून हलाल कोंबडी आणून भाजली आणि झाडाखाली हुस्नाच्या नावाचं पुडकं ठेवलं. हातमोजे होते. ते घालून ती घरभर फिरली, आणि हिलरीने पिपला म्हटलं, ही पोरगी राहू दे इथेच, तूच जा परत.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ते स्कारहोमला गेले.

स्कारहोम हे बेट, पण अर्धा दिवसच बेट. ओहोटी लागली की मधली रेती उघडी पडते आणि रोवलेल्या खांबांच्या रांगेने माणसं तीन मैल चालत जातात. भरती आली की परत पाणी. अर्ध्या वाटेत उंच खांबांवर एक लाकडी खोली बांधलेली आहे, शिडी असलेली, अडकलेल्यांसाठी. ती खोली बघून हुस्नाच्या मनात पाल चुकचुकली. ज्या वाटेवर अडकणाऱ्यांसाठी खोली बांधून ठेवावी लागते, त्या वाटेवर मुळात जावंच का? पण ती म्हणाली, किती छान फोटो येईल.

जाताना काही झालं नाही. बेटावर पोचून त्यांनी चहा घेतला, जाम आणि सायीबरोबर गोड पाव खाल्ले, पडक्या मठाजवळ वाऱ्यात उभं राहून दात वाजवले. चहावालीच्या दारावर वेळांचा कागद डकवलेला होता आणि तसलेच कागद खाली गठ्ठ्याने ठेवलेले. डूगलने एक उचलला. त्यावर त्या दिवसापुढे लिहिलं होतं, दुपारी अडीचच्या आत पलीकडे पोचावे.

आता इथे एक गोष्ट होती, जी किनाऱ्यावरच्या घरात वाढलेल्या माणसालाच सुचली असती. त्या देशात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे सगळी घड्याळं तासभर पुढे करतात. समुद्राला ते कोण सांगणार? म्हणून भरतीचे जुने तक्ते हिवाळ्याच्या वेळेचेच छापलेले असायचे, आणि उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा, हे डूगलला त्याच्या आजोबांनी लहानपणी पाठ करून घेतलं होतं. त्याने तो मिळवला. अडीचचे साडेतीन झाले. "अजून ढीगभर वेळ आहे," तो म्हणाला, आणि त्याने दुसरा चहा मागवला.

त्या कागदात तो तास आधीच मिळवलेला होता. खाली बारीक अक्षरात तसं छापलंही होतं. पण ज्याला येतंय त्याने बारीक अक्षर कशाला वाचावं? कागद घडी होऊन त्याच्या खिशात गेला आणि बाकी तिघांनी तो पाहिलाच नाही.

पावणेदोनला ते परत निघाले.

हुस्नाचे आयाह, म्हणजे वडील, धक्क्यावर बर्फ फोडायचे, आणि आई बाकीच्या बायकांबरोबर चिखलात शिंपल्या वेचायची. लहानपणी हुस्नाचं काम एकच, बांधावर बसून पाण्याकडे बघायचं आणि भरती फिरली की बोंब मारायची. दहाव्या वर्षापर्यंत तिने ते रोज केलं. पाणी दिसायच्या आधी फिरतं, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पक्ष्यांना आधी कळतं. मग रेतीतल्या बारक्या ओहळांना.

वीस मिनिटं चालल्यावर दूर रेतीच्या कडेवरचे पक्षी एकदम उठले आणि समुद्राकडे न जाता किनाऱ्याकडे आले. तिने खाली बघितलं. पायाजवळचा ओहळ, जो मघाशी येताना समुद्राकडे वाहत होता, तो थांबला होता. नुसता थांबलेला. त्यावर फेसाचा एक टिपका तरंगत होता आणि तो कुठेच जात नव्हता.

तिने मान वर केली. डूगल पन्नास पावलं पुढे होता, शीळ घालत. मागे बेट होतं, चहावालीची चिमणी दिसत होती. बोंब मारायचा श्वास तिने घेतलासुद्धा. आणि मग तिला पबमधलं टेबल आठवलं. मागे फिरा, मागे फिरा. दोन रिकामे रविवार आठवले, पांघरूण आठवलं. घेतलेला श्वास तिने सोडून दिला.

शेजारी पिप चालत होती. हुस्ना तिला हळूच म्हणाली, "पिप, मला वाटतं पाणी जरा लवकर फिरतंय. माझं चुकत असेल म्हणा."

पिप थांबली. तिने हुस्नाच्या तोंडाकडे नीट बघितलं. "खरंच वाटतंय का तुला? मग मी डूगलला हाक मारते."

तिने तोंडाशी हात नेलेही. हुस्नाने तिचा दंड धरला. "नको, नको. राहू दे. त्याने कागद बघितलाय ना? आमचा समुद्र वेगळा गं. चुकतंच असेल माझं."

"नक्की?"

"नक्की."

पिपने हात खाली घेतले आणि दोघी चालू लागल्या. पिप बूट कुठून घेतले ते सांगत होती. हुस्ना हूं हूं करत होती आणि एकेक खांब मोजत होती. ढग नव्हते, पाऊस नव्हता. स्वच्छ, फिकट ऊन पडलं होतं. म्हणूनच ते सगळं इतकं खोटं वाटत होतं.

अडीच वाजता पाणी आलं. लाट वगैरे काही नाही. आधी रेती चमकायला लागली, मग घोट्याला गार लागलं, आणि इम्रे पहिल्यांदाच आपणहून काहीतरी बोलला. डूगलने कागद काढला, उलगडला, आणि खालचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं. तेव्हा हुस्ना ओरडली. कुआला पर्लिसच्या बांधावरून ओरडायची तशी, बेंबीच्या देठापासून, आपल्या भाषेत. आता काय उपयोग?

ती खांबांवरची खोली तीनशे पावलांवर होती आणि तिच्या अलीकडे एक खोलगट घळ. पाणी आधी तिथेच भरतं. डूगल आणि इम्रे पार झाले. हुस्ना छातीभर पाण्यातून गेली, शिडीचा दांडा हाताला लागला. वळून बघते तर पिप मागेच. तिचा लांब बूट घळीच्या काठच्या मऊ चिखलात रुतला होता आणि ती वाकून तो उपसत होती.

"बूट सोड! आडवी हो, आडवी!" हुस्ना किंचाळली.

पिपने मान वर केली. पाणी तिच्या कमरेला होतं. "सॉरी," ती म्हणाली, "सॉरी, आलेच मी." जणू बससाठी सगळ्यांना खोळंबून ठेवलं होतं.

हुस्नाने शिडी सोडली, पण डूगलने वरून तिचं मनगट पकडलं आणि इम्रेने दुसरं. ती त्यांना चावली. तरी त्यांनी सोडलं नाही. पाण्याला आता ओढ आली होती. लाल केस एकदा दिसले, दुसऱ्यांदा दिसले. मग नुसतंच ऊन आणि पाणी. हेलिकॉप्टर आलं ते या तिघांना घेऊन गेलं. पिप तिसऱ्या दिवशी कोळ्यांना सापडली.

चौकशी सप्टेंबरात झाली. अशा मृत्यूची तिथे एक अधिकारी रीतसर चौकशी करतो, सगळ्यांना बोलावून, सगळ्यांसमक्ष. डूगल वाळून काठी झाला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, चूक फक्त माझी आहे, जास्तीचा तास मी धरला, पाणी फिरल्याचं कोणालाच कळलं नाही. त्याने एकदाही डोळे वर केले नाहीत. विद्यापीठाने सोबत दिलेल्या बाईंनी हुस्नाला आधीच सांगून ठेवलं होतं, की विचारतील तेवढंच बोल, तुझ्यावर काही येणार नाही. मधल्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर हिलरी तिच्या शेजारी बसली होती. तिने हुस्नाचा हात आपल्या मांडीवर घेतला होता. म्हणाली, "तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, पोरी. तुला काय माहीत असणार? तो काही तुझा समुद्र नव्हता." आणि मग आणखी हळू आवाजात, "या नाताळातही यायचं हं तू."

हुस्नाला हाक आली. तिने नाव सांगितलं, शपथ घेतली. अधिकारी म्हातारा होता, बोलायला मऊ. त्याने विचारलं, अडीचच्या आधी तुमच्यापैकी कोणाच्या काही लक्षात आलं होतं का. विचारताना त्याचा पेन कागदावर पुढच्या ओळीवर गेलेला होता, कारण डूगलने आणि इम्रेने नाही म्हणून झालं होतं.

पुढे तिसऱ्या रांगेत हिलरी येऊन बसली होती. तिने मान किंचित हलवली, बोल, घाबरू नकोस, अशी.

"माझ्या लक्षात आलं होतं," हुस्ना म्हणाली.

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. अधिकाऱ्याने विचारलं, मग तुम्ही ते कोणाला सांगितलंत का?

"पिपला. ती डूगलला हाक मारणार होती. मीच तिचा हात धरला. मीच म्हटलं, माझं चुकत असेल. तिने माझं ऐकलं."

"हे किती वाजता?"

"दोन नुकतेच वाजून गेले होते, नक्की मिनिटं सांगता येणार नाहीत. आम्ही वीस मिनिटं चाललो होतो."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मग चष्मा काढून त्याने शेवटचं विचारलं, तिथून बेटावर परत जायला पुरेसा वेळ होता का, तुमच्या मते.

हुस्नाने हिलरीकडे बघितलं. तिला माहीत होतं की आता यापुढे ते दार तिच्यासाठी उघडणार नाही.

"होता," ती म्हणाली. या वेळी तिने आवाज मुळीच खाली ठेवला नाही. "सगळ्यांना पुरला असता."